हिवाळी सायकल निवडताना आधी मडगार्डची जागा पाहावी, वजन नंतर

हिवाळ्यात रस्त्यावर चालवण्यासाठी सायकल घ्यायची म्हटले की बोलणे फ्रेमच्या धातूपासून सुरू होते आणि वजनापाशी येऊन थांबते. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. ओल्या, चिखलट आणि बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आठवड्यातून तीन-चार वेळा जायचे असेल, तर पहिला प्रश्न असा असावा की, किमान २८ मि.मी. रुंदीचे टायर आणि त्यांवर पूर्ण लांबीची मडगार्ड या सायकलीला एकाच वेळी बसतात का. ‘२८ बसतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, कारण ते उत्तर बहुधा मडगार्डविना दिलेले असते. फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) आणि फ्रेमच्या, मागचे चाक बसते त्या टोकांशी मडगार्डसाठी आटे पाडलेली छिद्रे आहेत का, हेही स्वतः वाकून पाहावे.

मडगार्डला मी इतके महत्त्व देतो, कारण थंडीत माणूस गारठतो तो मुख्यतः भिजल्यामुळे. पुढचे चाक उडवते ते पाणी बुटांवर आणि क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बेअरिंगवर येते, मागचे चाक उडवते ते कंबरेवर आणि मागून येणाऱ्या सोबत्याच्या तोंडावर जाते. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) अडकवायची आखूड पट्टी कंबर वाचवते, पाय मात्र वाचवत नाही, आणि दोन तासांच्या फेरीत आधी बधिर होतात ती पायांची बोटेच.

माझी दुसरी अट डिस्क ब्रेकची, म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेल्या चकतीला (रोटरला) धरणाऱ्या ब्रेकची आहे. रिम ब्रेक मात्र चाकाची धातूची कड, म्हणजे रिम, धरतो. रिम ओली असली की ब्रेक दाबल्यावर आधी पाणी पुसले जाते आणि मग पकड येते. उतारावर हा क्षणभराचा उशीर फार मोठा वाटतो. शिवाय ब्रेकच्या रबरात रुतलेली वाळू रिमची कड घासत राहते. माझ्या एका जुन्या चाकाची कड तीन हिवाळ्यांत बोटाला खोलगट लागू लागली, आणि ते चाक मी त्याच दिवशी काढून टाकले. फ्रेम पोलादाची असो वा अॅल्युमिनियमची, या दोन अटी पूर्ण होत असतील तर माझी हरकत नाही.

प्रतिसाद १

मडगार्डबद्दल दुमत नाही. मात्र हिवाळ्यासाठी वेगळी सायकल घ्यावी, हे जे आपण गृहीत धरले आहे, तेच मला मान्य नाही. दोन सायकलींची बैठक कधीच तंतोतंत जुळत नाही. सीटची उंची, हँडलपर्यंतचे अंतर, क्रँकची लांबी यांतला थोडासा फरकही गुडघ्यांना जाणवतो, आणि वसंतात पुन्हा पहिल्या सायकलीवर बसल्यावर तो दुसऱ्यांदा जाणवतो. दुसऱ्या सायकलीचे पैसे एकाच चांगल्या सायकलीच्या देखभालीवर खर्च करावेत. प्रत्येक ओल्या फेरीनंतर साध्या पाण्याने मीठ धुऊन टाकावे, साखळी कोरडी पुसून वंगण द्यावे आणि ती किती ताणली आहे हे मापकाने पाहावे. ११ किंवा १२ गिअरच्या साखळीची झीज ०.५ टक्क्यावर पोहोचताच ती बदलली, तर महागडी कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) वाचते. हे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते टाळणारा माणूस दुसरी सायकलही तशीच गंजू देईल.

प्रतिसाद २

माझा विरोध डिस्क ब्रेकला आहे. वाळूमिश्रित पाण्यात डिस्कचे पॅडही झिजतातच; मऊ, सेंद्रिय मिश्रणाचे पॅड एखाद्या लांब, ओल्या फेरीत अर्धे संपलेले मी पाहिले आहेत. कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या चिमट्यातले) पिस्टन घाणीने अडकतात, रोटरवर साखळीच्या तेलाचा शिंतोडा उडाला की ब्रेक किंचाळतो आणि पकड सोडतो. रिम ब्रेकची केबल तुटली तर ती रस्त्याच्या कडेला बसूनही बदलता येते. मडगार्डसाठी जागा हवी असेल तर लांब पोहोचीचे रिम कॅलिपर उपलब्ध आहेत. त्यांची पोहोच, म्हणजे बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचे अंतर, ४७ ते ५७ मि.मी. असते आणि त्याखाली २८ चा टायर व मडगार्ड दोन्ही मावतात.

मी तर याच्याही पुढे जाऊन म्हणेन की, सपाट प्रदेशात हिवाळ्यासाठी एकाच गिअरची फिक्स्ड सायकल, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते अशी, सर्वांत उत्तम. तिच्यात चिखलात सापडणारे डिरेल्युअर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र) नाही, साखळी रुंद व सरळ रेषेत असल्यामुळे पुष्कळ टिकते, आणि निसरड्या रस्त्यावर मागच्या चाकाची पकड किती उरली आहे ते पायांना थेट कळते.

धागाकर्त्याचे उत्तर

पॅडच्या झिजेबाबत आपले म्हणणे खरे आहे आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. हिवाळ्यात धातुमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड वापरावेत. ते थोडा आवाज करतात, पण ओल्यात कितीतरी अधिक टिकतात, फक्त आपला रोटर त्यांना चालतो का हे आधी तपासावे. तरीही माझे मत बदलत नाही, कारण झिजलेला पॅड बदलणे हे थोडक्या पैशांचे काम आहे, तर झिजलेली रिम म्हणजे पूर्ण चाक नव्याने बांधणे. फिक्स्डबद्दल इतकेच म्हणतो की, वळणावर आणि तीव्र उतारावर पेडल थांबवता न येणे हा धोका नवख्याने पत्करू नये.

बैठकीचा मुद्दा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच हिवाळी सायकल घेताना जुन्या सायकलीची मापे कागदावर लिहून न्यावीत आणि क्रँकची लांबी तीच ठेवावी.

प्रतिसाद ३

आपण सर्वांनी पाण्याचा विचार केला, गोठलेल्या रस्त्याचा नाही. डांबरावर पारदर्शक बर्फाचा थर असेल तेव्हा डिस्क की रिम हा वाद निरर्थक आहे, कारण चाक जाम होते आणि सायकल घसरते. तिथे टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवलेले टायरच उपयोगी पडतात, आणि ते बहुधा ३० मि.मी.हून रुंद असतात. माझ्या मते २८ ही अट अपुरी आहे. मडगार्डसह ३५ मावेल अशी ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्यासाठीची) सायकलच घ्यावी. कोरड्या रस्त्यावर हे टायर जड आणि गोंगाटाचे असतात, त्यामुळे गोठणाऱ्या दिवसांसाठी ते वेगळ्या चाकांवर चढवून ठेवणे बरे.

हवेच्या दाबाकडेही लक्ष द्यावे. घरात २० अंश सेल्सिअसला ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरलेला टायर बाहेर शून्य अंशावर आला की सुमारे साडेसहा पीएसआयने उतरतो. हे ठाऊक नसले की टायर पंक्चर आहे असे वाटते.

प्रतिसाद १

३५ ची अट सर्वांना लागू करू नये; जिथे पाऊस आहे पण रस्ता क्वचितच गोठतो, तिथे ते ओझेच. आणि माझी एकमेव सायकल कार्बनची आहे. कार्बनला मिठाने गंज चढत नाही, मग तिला हिवाळ्यात घरात का ठेवावे?

धागाकर्त्याचे उत्तर

टायरच्या रुंदीबाबत आपल्या दोघांचेही म्हणणे मला पटते. रस्ता गोठत असेल तर ३५, नसेल तर २८ पुरे.

कार्बनला स्वतःला गंज चढत नाही हे खरे, पण कार्बन वीजवाहक आहे. त्याला चिकटून अॅल्युमिनियम असेल आणि मधे खारे पाणी शिरले, तर झीज होते ती अॅल्युमिनियमची, आणि एरवीपेक्षा वेगाने. कार्बन फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट अडकून बसतो तो यामुळेच, आणि पोलादी फ्रेममध्येही तसे घडते. स्पोक (चाकाच्या तारा) रिमला आवळणारी छोटी अॅल्युमिनियमची निपल मिठाने कुजतात, म्हणून हिवाळी चाकांना पितळी निपल असावीत. तुम्ही तीच सायकल चालवणार असाल, तर महिन्यातून एकदा सीटची उंची टेपने खुणावून सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढावा, नळी आतून पुसावी आणि कार्बनसाठीची पेस्ट लावून तो पुन्हा बसवावा. साधे ग्रीस तिथे लावू नये, कारण त्याने सीटपोस्ट खाली सरकतो. पहिल्यांदा काढताना तो हलत नसेल तर पिळून जोर न लावता सायकल दुकानात न्यावी.