मदत हवी आहे: समुद्रकाठच्या दगडी ध्यानकक्षाची बांधणी
समुद्रकाठच्या खडकाळ उतारावर लहानसा दगडी ध्यानकक्ष बांधण्याचा माझा विचार असून, दुरून पाहताना तो खडकाचाच भाग वाटावा, अशी मनापासून इच्छा आहे. आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकेल बेटावर मठवासीयांनी चुन्याशिवाय रचलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या दगडी कुटी शतकानुशतके अटलांटिकचे वारे सोसत उभ्या आहेत. माझ्यासमोर आदर्श त्यांचाच आहे. अडचण क्षारांची आहे. खारे पाणी दगडाच्या रंध्रांत सुकले की क्षारांचे स्फटिक वाढून पृष्ठभाग झडू लागतो आणि सिमेंटने सांधे भरल्यास ओलावा आतच कोंडतो. अशा जागी सांधे कोरडे ठेवावेत की चुन्याने भरावेत, आणि आतली शांतता न मोडता हवा कशी खेळती ठेवावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.