कायदा गाण्यामुळे बदलतो की गायकाच्या ओळखींमुळे?

अनिरुद्ध : अमेरिकेतील फौजदारी न्यायव्यवस्था सुधारावी यासाठी गेल्या दहा-बारा वर्षांत हिप-हॉपने, म्हणजे रॅप गाण्यांच्या संगीताने, जेवढा आवाज उठवला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही संगीताने उठवलेला नाही, असे माझे मत आहे. फिलाडेल्फियाचा रॅपर मीक मिल याचे प्रकरण पाहा. 2007 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बंदूक व अमली पदार्थांच्या आरोपांवरून त्याला अटक झाली. तुरुंगवास भोगून झाल्यावरही न्यायालयाची देखरेख, म्हणजेच प्रोबेशन, संपता संपेना, कारण परवानगीवाचून प्रवास करण्यासारख्या चुकीनेही तिची मुदत वाढत असे. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मागच्या चाकावर दुचाकी चालवणे आणि एका विमानतळावर झालेली बाचाबाची ही निमित्ते ठरली. सरकारी वकील आणि प्रोबेशन अधिकारी या दोघांनीही तुरुंग नको असे सुचवलेले असताना न्यायाधीशांनी त्याला दोन ते चार वर्षांची शिक्षा ठोठावली. अमेरिकेत सुमारे 30 लाख लोक अशाच टांगत्या तलवारीखाली राहतात, हे सामान्य श्रोत्याला कळले ते रॅपरमुळेच.

मृणालिनी : अमली पदार्थांच्या चाचणीत तो नापास झाला, याचा उल्लेख आपण टाळलात, तोही अटींचा भंगच होता. शिवाय एप्रिल 2018 मध्ये तो सुटला तेव्हा त्याच्या पाठीशी जे-झीसारखा बडा रॅपर होता आणि मायकेल रुबिन यांच्यासारखे अब्जाधीश होते. 2019 मध्ये प्रोबेशनचे कायदे बदलण्यासाठी स्थापन झालेल्या ‘रिफॉर्म अलायन्स’ या संस्थेसाठी संस्थापकांनी 5 कोटी डॉलर देऊ केले. हा आवाज गाण्याचा की पैशाचा? ज्याच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर येते, त्याच्यावरून उरलेल्या लाखोंचा हिशेब मांडता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये पेनसिल्व्हेनियात प्रोबेशनचा नवा कायदा झाला, पण त्या विधेयकाला नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूच्या तिथल्या शाखेनेच विरोध केला होता, हेही विसरू नये.

समीर : पैशाचा मुद्दा मान्य, पण खरा प्रश्न न्यायालयात गाण्याचे काय केले जाते हा आहे. न्यू जर्सीत एका खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपीच्या वह्यांमधील रॅपच्या ओळी ज्युरीला पानेच्या पाने वाचून दाखवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच ओळी गुन्ह्याच्या कितीतरी आधी लिहिलेल्या होत्या आणि त्यांत त्या गुन्ह्याचा मागमूसही नव्हता. 2014 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, गुन्ह्याशी ठोस संबंध असल्याशिवाय अशा ओळी पुराव्यात घेऊ नयेत, असा निर्णय दिला. खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. ती सवलत रॅपरला का नसावी? 2022 मध्ये कॅलिफोर्नियाने यासाठी कायदाच केला, आणि त्यामागे रॅपरांचा रेटा होता.

मृणालिनी : कादंबरीकार आपल्या पात्राच्या नावाने गल्लीत दहशत बसवत नाही. एखाद्याने खऱ्या टोळीचे नाव घेऊन खऱ्या वैऱ्याला धमकावले असेल, तर यमक जुळले म्हणून ती धमकी पुसली जात नाही. ज्या वस्त्यांत गोळ्या झाडल्या जातात, तिथल्या मृतांच्या आयांनाही न्यायव्यवस्थेकडून काही हवे असते, आणि त्यांच्या बाजूने एवढ्या मोठ्या आवाजात कोण गाते?

ओंकार : थोडे विषयांतर वाटेल, पण 2023 मध्ये महाराष्ट्रातही दोन रॅपरांवर मराठी गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले. मात्र तिथे राजकीय टीका करणारे गाणेच गुन्हा ठरवले जात होते. अमेरिकेत ते दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा म्हणून येते. दोन्हींची सरमिसळ नको.

समीर : मृणालिनीताई, ‘ठोस संबंध’ ही अट तुम्ही सांगता तशाच धमकीसाठी आहे, नेमकी धमकी पुरावा म्हणून आजही घेता येते. आक्षेप सरसकट वापराला आहे. अटलांटाचा रॅपर यंग थग याच्या खटल्यात नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायाधीशांनी त्याच्या ओळी अटींसह वापरू दिल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याने काही आरोप कबूल केले आणि तो तुरुंगाबाहेर आला. सोबत काय मिळाले, तर 15 वर्षांचे प्रोबेशन.