देवस्थानाला नुकसानभरपाईची नोटीस: आधी उत्तर की आधी चौकशी?

फोंडेकर
आमच्या गावच्या देवळात जत्रेच्या रात्री, नाटक सुरू व्हायच्या आधी, रंगमंचाकडे जाणारी लाकडी पायरी मोडली. एका बाईंचं मनगट मोडलं, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) प्लेट घातली. आता वकिलाची नोटीस आलीय: भरपाई द्या, 15 दिवसांत उत्तर द्या. समितीतले बहुतेक म्हणतात, "आरोप खोटे आहेत, मंडपवाल्याला विचारा" असं दोन ओळींत लिहून मोकळं व्हायचं.

मला हे पटत नाही. फळीला खिळे होते की नुसती सुतळी, त्या बाजूला दिवा होता का, एकालाही छातीठोक सांगता येत नाही. माहीतच नाही ते खोटं कसं ठरवायचं? उद्या उलटतपासणीत हेच पत्र देवस्थानाच्या वतीने कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुखत्यारांच्या नाकासमोर धरतील. 15 दिवस हा समोरच्या वकिलाने घातलेला आकडा आहे. "नोटीस मिळाली, माहिती घेऊन मुद्देसूद उत्तर देतो" एवढं आज पाठवा आणि आधी चौकशी करा.

डिचोलीचा खजिनदार
चौकशी म्हणजे आपल्याच हाताने समोरच्याला पुरावा तयार करून देणं. "पायरी सैल होती" असं एकाने इतिवृत्तात लिहिलं की संपलं, कोर्ट ते मागवून घेणार. आणि भरपाई दिलीच तर देवस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या मामलेदारांपुढे हिशेब कोण देणार? आम्ही. एकाला दिले की पुढच्या जत्रेत घसरणाऱ्यांची रांग लागेल. गर्दीत धक्काबुक्की करून चढायचं आणि वर देवाकडेच पैसे मागायचे!

म्हापशात वकिली
खजिनदारांची भीती अर्धी खरी आहे. समितीच्या इतिवृत्ताला संरक्षण नाही. पण सल्ल्यासाठी वकिलाला दिलेली माहिती सहसा उघड करायला लावता येत नाही; भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 मध्येही ते संरक्षण आहे. म्हणून चौकशी वकिलाच्या सांगण्यावरून करा, अहवाल त्यालाच द्या. इतिवृत्तात फक्त "नोटीस आली, वकील नेमला" एवढंच.

मात्र दाबून ठेवणं वेगळं. हाताशी असलेला पुरावा दिला नाही, तर तो तुमच्या विरुद्धच होता असं कोर्ट गृहीत धरू शकतं. देवळाच्या सीसीटीव्हीवर नवं चित्रण जुन्यावर चढत जातं, ते आधी उतरवून ठेवा. मोडलेली फळी कुठे आहे?

मंडपवाल्यावर ढकलून सुटका होईल असंही समजू नका. जागा देवस्थानाची, कार्यक्रम देवस्थानाचा. दोघांनाही प्रतिवादी करतील. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळ मनोरा पडून माणसं मेली, त्यात 1966 साली सुप्रीम कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब चालली नाही.

फोंडेकर
फळी महाप्रसादाच्या चुलीत गेली.

म्हापशात वकिली
धन्य! मग जाळली कुणी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हेही वकिलाला सांगून ठेवा. तुमच्याआधी समोरच्याने विचारायला नको.

विमावाला, मडगाव
विमा आहे का, हे कुणीच विचारलं नाही. आगीचा विमा इथे कामाचा नाही, सार्वजनिक दायित्वाची, म्हणजे बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारी पॉलिसी लागते. असेल तर आजच कंपनीला लेखी कळवा. अशा पॉलिसीत बहुधा अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, वचनही नाही. कुणी उत्साही सभासद बाईंच्या घरी जाऊन "सगळा खर्च देवस्थान करील" म्हणून आला असेल, तर तेवढ्यावरून कंपनी हात वर करू शकते.

पेडण्याची सून
एवढ्या चर्चेत त्या बाईंचा हात कसा आहे, हे एकाने तरी विचारलंत? त्या रात्रीनंतर समितीतलं कुणी गेलं होतं का? माणसं पैशासाठी कोर्टात जातात तशी रागानेही जातात. भेटायला जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. औषधाचा खर्च द्यावासा वाटला, तर "हक्क अबाधित राखून", म्हणजे चूक कबूल न करता, असं पत्रात लिहून देता येतो.

डिचोलीचा खजिनदार
ताई, भेटायला गेलात की मोबाईल सुरू असतो. चहा पितानाचं "वाईट झालं हो" सुद्धा उद्या कोर्टात ऐकवतील.

पेडण्याची सून
ऐकवू देत की! वाईट झालंच ना? "आमची पायरी कुजकी होती" असं म्हणू नका म्हणजे झालं. आणि विमा असेल तर पैशाचं आधी कंपनीला विचारा, भेटीला कुणाची परवानगी लागत नाही.

फोंडेकर
उद्या संध्याकाळी मी आणि अध्यक्षांची पत्नी जाऊन येतो, पैशांचा विषय काढणार नाही. विमा नाही, तेही आजच कळलं. मंडपवाल्याचं बिलही कपाटात सापडलं. रंगमंच, पत्रे, खुर्च्या, पडदे, सगळं ओळीने लिहिलंय. पायरी नाही. म्हणजे ती आपल्याच पोरांनी ठोकली असावी, आणि "मंडपवाल्याला विचारा" हे पत्र परवा टपालात पडणार होतं.

डिचोलीचा खजिनदार
बिल वकिलाकडे द्या. इथे फोटो टाकू नका बाबा.