आगोटीची बेगमी: सुक्या मासळीला किती पैसे ठेवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मालवणजवळ राहतो, घरात पाच माणसं. दरवर्षी आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची घरची साठवण, सासूबाई भरायच्या, यंदा पहिल्यांदाच सगळं माझ्याकडे आलंय. हातात 12 हजार, त्यात जून ते ऑगस्ट निभवायचेत.

उकडे तांदूळ, कुळीथ, आमसुलं घरचीच. तेल, तूरडाळ, मिरची विकत. अडतंय ते सुक्याशी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे भिस्त सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि सुक्या बोंबलांवर. गेल्या वर्षी घाईत घेतलेले बोंबील नीट वाळलेले नव्हते. जुलैत बुरशी धरली, दीड किलो टाकून द्यावे लागले. फार जिवाला लागलं. यंदा मे महिन्यातच घेऊन पुन्हा दोन-तीन कडक उन्हं दाखवणार आहे.

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, तेव्हा सुकं सात-आठ आठवडेच लागेल. आठवड्यातून दोनदा सुकं, दोनदा कुळथाची पिठी, बाकी आठळ्या (फणसाच्या बिया), टाकळ्याची रानभाजी, कडधान्यं असा बेत आहे. सुकट, बोंबील, सोडे (सोलून वाळवलेली कोळंबी) प्रत्येकी किती घेऊ? सोडे महाग आहेत, पण मुलांना तेच आवडतात. आणि डब्यात ओल धरू नये म्हणून तुम्ही काय करता?