धरण पाझरणारच, पण गढूळ का पाझरतंय?

कातळकर:
आपल्या गावच्या धरणाच्या गळतीवर काल इथे एकाने लिहिलं, "मातीचं धरण पाझरतंच, उगाच बोंबाबोंब करून गावाचं नाव खराब करू नका, त्यापेक्षा बाग करा, बोटिंग सुरू करा." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. पाझरतं हे मान्य, त्यासाठीच तर पायथ्याला दगडगोट्यांची गाळणी आणि नाली असते. पण ते पाणी नितळ पाहिजे. रविवारी गेटखालच्या झऱ्याची बाटली भरून आणली, रात्रभर पडवीत ठेवली, सकाळी तळाला बोटभर तांबडी माती! ही बांधाच्या पोटातली माती आहे. आतून अशी वाहून जायला लागली की नळीसारखी पोकळी होते आणि मग वेळ मिळत नाही.

गावचाच:
बोटिंगचं मीच लिहिलं होतं. पावसाळ्यात कोकणात कुठलं पाणी तांबडं नसतं? जांभ्याची माती आहे, रस्त्यावरचं पाणीपण तसंच. आमच्या पोरांना इथे काम नाही, चार माणसं फिरायला आली तर पोटात का दुखतं?

सड्यावरची:
बाग, माती ठेवा बाजूला. मे महिन्यात वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमच्या वाडीत टँकर येतो, तोपण दोन दिवसाआड, आणि कोयनेचं ६७.५ टीएमसी अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. त्यावर कोण धागा काढणार?

गावचाच:
खरंय ताई! मुंबईला नेऊया म्हणतात, आम्हाला नाही.

चाकरमानी:
मुंबईला नेलं तर काय बिघडलं, तिथेपण कोकणातलीच माणसं राहतात ना.

सड्यावरची:
तुम्ही गणपतीत पाच दिवस येता, हंडा कधी उचललाय? माझ्या आईची कंबर त्यात गेली. आधी सड्यावर पाणी चढवा, मग मुंबईचं बोला.

चाकरमानी:
आम्ही पाठवलेल्या पैशावर गावात बोअर पडल्या, ते नाही दिसलं?

कातळकर:
अवजलासाठी वेगळा धागा काढा, मी सही करतो. इथे बांधाखालच्या वाडीचा प्रश्न आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती, आणि नंतर मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं. मी दोन दिवसांनी गेलो होतो. एका घराचं जोतं आणि त्याला अडकलेली साडी, एवढंच उरलेलं. आमच्या बांधावर झाडंझुडपं माजलीत, आत मुळं जातायत, सांडव्याच्या तोंडाशी ओंडके अडकलेत, आणि आपण त्यावर बाग लावायची?

गावचाच:
तिवऱ्याचं नाव घेऊन घाबरवू नका. माझी बहीण खालच्या वाडीत दिलीय, मला काळजी नाही काय? धरणाखालची मळीची शेतं आमची, पाणी सोडून दिलं तर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं पीक, कशावर करू?

कातळकर:
रिकामं करा कुठे म्हटलं? पातळी थोडी खाली ठेवा, झाडं काढा, झऱ्याचं पाणी रोज मोजा आणि इंजिनिअर बांधावर आणा. आणि तांबड्या पाण्याचं म्हणाल तर दोन बाटल्या भरा, एक धरणातली, एक झऱ्याची. वरचं नितळ आणि खालचं गढूळ निघालं तर माती कुठून आली ते तुम्हीच सांगा.

गावचाच:
चार दिवस उघडीप आहे, वरचं पाणी निवळलंय हे खरं. बोटिंगचं मी सोडत नाही. पण उद्या सात वाजता येतो, बाटल्या मीच आणतो, भरणारपण मीच.

सड्यावरची:
मला फोटो टाका. बहिणीला आजच फोन करा हो.