आई-बाबांना अमेरिका दाखवायची, पण किती?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑगस्टअखेर नागपूरहून येत आहेत. मला सप्टेंबरच्या उत्तरार्धात दोन आठवडे रजा मिळाली आहे. सध्याचा बेत असा: न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, तिथून विमानाने लास वेगास, ग्रँड कॅन्यन, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को. बाबा ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. आईला दिवसातून एकदा तरी वरण-भात लागतो. झेपेल का? कुणी असा दौरा केला असेल तर कृपया कळवा.

(टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून)

———

ताई, नमस्कार.

दौरा पार पडेल, पण आई-बाबांच्या लक्षात राहतील ते विमानतळ. मनापासून सांगते, या खेपेला एकच प्रदेश धरा आणि दोनच मुक्काम करा. आपल्या डॅलसहून उत्तर न्यू मेक्सिको आणि त्याला लागून असलेला कोलोरॅडोचा नैऋत्य कोपरा जवळ आहे. सप्टेंबरअखेर तिथली हवा उत्तम असते, पावसाळी वादळं ओसरलेली असतात आणि डोंगरांवरची ॲस्पनची झाडं पिवळी होऊ लागतात.

अल्बुकर्कीला उतरा, तिथून सांता फे गाडीने तासाभरावर. गाव १६१० च्या सुमारास वसलं, उंची साधारण ७,००० फूट. बाबांच्या बीपीसाठी डॉक्टरांना आधी विचारा आणि पहिले दोन दिवस काहीही ठरवू नका. भरपूर पाणी, सकाळी चौकात एक फेरी, दुपारी झोप. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि कुकर बरोबर न्याच. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, नुसत्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. बाहेर जेवताना बीन्समध्ये डुकराची चरबी आणि मिरचीच्या रश्शात मांस आहे का, हे दर वेळी विचारायचं. ‘लाल की हिरवी?’ असं तिथे मिरचीबद्दल विचारतात, आणि हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे! आईंना हिरवी आवडेल असं मला वाटतं.

एक अख्खा दिवस ताओससाठी ठेवा. जाताना चिमायोवरून डोंगरातला रस्ता घ्या, येताना नदीकाठचा. ताओस प्वेब्लो ही तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती. तिची मातीची बहुमजली घरं शेकडो वर्षांची आहेत, आणि तिथे आजही माणसं राहतात. धार्मिक विधींच्या वेळी ते पाहुण्यांसाठी बंद असतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्या भिंतींना गवत कालवलेल्या मातीचा गिलावा पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. माझ्या सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. वऱ्हाडातल्या त्यांच्या माहेरी दिवाळीआधी भिंती अशाच लिंपत असत. बसमधून उतरून दहा मिनिटांत परत चढणाऱ्याला हे कसं दिसणार?

दुसरा मुक्काम कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला. सांता फेहून चारेक तास, मध्ये जेवायला थांबा. तिथून सिल्व्हरटनला १८८२ पासूनची अरुंद रुळांची वाफेची गाडी जाते. एकीकडचा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास, म्हणून बाबांसाठी जाताना रेल्वे आणि येताना बस घ्या. सिल्व्हरटन ९,३०० फुटांवर आहे, तिथे सावकाश चाला. मग मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान: कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, १३ व्या शतकाच्या अखेरीस सोडून दिलेली. त्यांतला क्लिफ पॅलेस आत जाऊन पाहायचा तर शिड्या चढाव्या लागतात, तो नाद सोडा. मेसा टॉपच्या रस्त्यावर गाडी थोड्या थोड्या अंतरावर थांबवता येते आणि कठड्यावरून घरं छान दिसतात. राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा सवलतीचा पास फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतो, तो हिशेबात धरू नका.

(प्लेनोहून)

———

काकू, सगळं पटलं, पण एक बोलतो. माझे आई-वडील परतल्यावर गल्लीतल्या प्रत्येकाने त्यांना नायगाराचंच विचारलं. व्हिसा १० वर्षांचा असला, तरी या वयात दुसरी खेप होईलच असं नाही. मेसा व्हर्डेचं नाव तिकडे कुणाला ठाऊक?

(आर्व्हिंगहून)

———

अरे, तुझं म्हणणं खरं आहे, त्यांना नायगारा दाखवायलाच हवा. फक्त तो या दौऱ्यात कोंबू नका. आई-बाबांचा मुक्काम काही महिन्यांचा असेल, तर ऑक्टोबरात एक मोठा वीकेंड काढा, बफेलोला उतरा, धबधबा तिथून अर्ध्या तासावर. कॅनडाच्या बाजूला जायचं तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो, पण अमेरिकेच्या बाजूनेही बोट सुटते. ती थंडी पडली की बंद होते, तारखा आधी बघा. ग्रँड कॅन्यन मात्र या खेपेला सोडा. ड्युरँगोहून नकाशावर जवळ दिसतं, पण जाऊन येऊन दोन दिवस गाडीतच जातात.

ताई, सिल्व्हरटनच्या गाडीची तिकिटं आत्ताच काढून ठेवा, ॲस्पनच्या दिवसांत ती लवकर संपतात. छोटा कुकर हवा असेल तर माझ्याकडे जास्तीचा आहे, शनिवारी घेऊन जा.

(प्लेनोहून)