पांढरा रंग फासलेले चेहरे

विनोदाने अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या इतिहासाचं गांभीर्य जातं, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मिन्स्ट्रेल शो या अमेरिकेतल्या जुन्या नाच-गाण्या-विनोदाच्या कार्यक्रमांत गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे, हे खरंच. पण डग्लस टर्नर वॉर्ड या कृष्णवर्णीय नाटककाराने १९६५ मध्ये न्यूयॉर्कला तोच प्रकार उलटा फिरवला. ‘डे ऑफ अ‍ॅब्सेन्स’ या त्यांच्या नाटकात कृष्णवर्णीय नट चेहरे पांढरे रंगवून गोऱ्यांची कामं करतात.

नाटकात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावातून सकाळी सगळे कृष्णवर्णीय नाहीसे झालेत. एका घरात तान्हं मूल रडतंय आणि जन्मदात्या आईला त्याला कसं घ्यावं तेच कळत नाही, कारण ते काम कायम मोलकरणीचं! मेयर टीव्हीवरून ‘परत या’ म्हणून गयावया करतो. मी नाटक फक्त वाचलंय, पण त्या बाळाच्या प्रसंगाला हसता हसता गळा दाटून आला होता.